डॉक्टर ग्रेलचा हात

दारातल्या पायपुसण्यावर पेनफोल्ड सर बूट पुसत होते. एकदा पुसून झाले, तरी पुन्हा. एडविन क्रॅडक बैठकीच्या खिडकीआडून आपल्या जुन्या विज्ञानशिक्षकांकडे पाहत राहिला. सरांच्या काखेत तपकिरी कागदात बांधलेलं पुस्तक होतं. ते कुठलं, हे कळायला कागद सोडायची गरज नव्हती.

चार महिन्यांपूर्वी निघालेली त्याची कादंबरी लंडनभर गाजत होती. तिच्यातला डॉक्टर ग्रेल माणसांची झोप कायमची उडवणारा वायू शोधून काढतो आणि अख्खं गाव वेडं करून मारतो. ग्रेल दर वाक्याआधी घसा खाकरतो. त्याच्या डाव्या हाताला दोन बोटं नाहीत, उरलेला हात भाजून आक्रसलेला. परीक्षणं लिहिणाऱ्यांना तो हात फार आवडला होता.

एडविनची बायको विनिफ्रेड सरांना आत घेऊन आली. तिनं चहा पुढे केला. सरांनी कप डाव्या हाताच्या तीन बोटांनी उचलला, तेव्हा तिची नजर त्या हातावर थांबली आणि मग नवऱ्याकडे गेली.

"क्रॅडक, एक चूक राहिलीय तुझी," सर घसा खाकरून म्हणाले. "पान एकशे बारा. तुझा वायू हवेपेक्षा जड. मग तो चर्चच्या मनोऱ्यावर चढला कसा रे? शिकवलं होतं की मी!"

एडविन मोठ्यानं हसला. म्हणजे सरांना ओळखू आलं नव्हतं तर.

"पुढच्या आवृत्तीत सुधारतो, सर. शाळा काय म्हणते?"

"ईस्टरपासून घरीच आहे मी." सरांनी केकचा तुकडा मोडला, खाल्ला नाही. "रस्त्यानं निघालो की पोरं नाक दाबून धरतात. पोरंच ती, त्यांचं काय मनावर घ्यायचं? पण पालकांची पत्रं गेली ना विश्वस्तांकडे. म्हणून आलो. चार ओळी लिहून दे, की ग्रेल म्हणजे मी नव्हे. बहीण म्हणत होती, जाऊ नकोस. म्हटलं, आपलाच पोरगा आहे."

एडविन टेबलाशी गेला. पात्र सर्वस्वी काल्पनिक आहे, कुठल्याही व्यक्तीशी त्याचा संबंध नाही, अशा ओळी भराभर उतरल्या.

सरांनी चष्मा कपाळावर चढवून कागद वाचला. "छान. भाषा तुझी पहिल्यापासूनच चांगली."

"हाताला काय झालं होतं हो तुमच्या?" विनिफ्रेडनं हळूच विचारलं.

"माझाच निष्काळजीपणा, बाई. प्रयोगशाळेत काचपात्र फुटलं."

एडविनचे कान तापले. चौदा वर्षांचा होता तो तेव्हा. हात लावू नकोस असं बजावलेलं असतानाही काचपात्राखालचा दिवा त्यानंच पेटवला होता. सरांनी ते उकळतं पात्र त्याच्या तोंडासमोरून उचललं आणि ते त्यांच्याच हातात फुटलं. विश्वस्तांपुढे त्यांनी चूक आपली म्हणून सांगितली, म्हणून एडविनची शिष्यवृत्ती टिकली.

तो पुन्हा टेबलाशी बसला. या वेळी ओळी सरळ येईनात. दिवा कुणी पेटवला, ते लिहिलं. ग्रेलला कुणाचा हात दिला, तेही लिहिलं. खाली सही केली आणि मान वर न करता कागद पुढे धरला.

सर बराच वेळ वाचत होते. मग त्यांनी कागदाची घडी घातली आणि बशीखाली सरकवली.

"हे नको रे. तुझी आई अजून गावात राहते. चर्चमध्ये लोक उठून जागा देतात तिला, लेखकाची आई म्हणून. राहू दे." पहिलं पत्र त्यांनी खिशात ठेवलं.

एडविनला हायसं वाटलं. हायसं वाटतंय हे ध्यानात आलं, तेव्हा त्याला सरांच्या तोंडाकडे बघवेना. फाटकापर्यंत तो त्यांच्या मागून खाली मान घालूनच गेला.

परत आला तेव्हा विनिफ्रेड बशीखालचा कागद उघडून वाचत उभी होती. त्यानं तो मागितला नाही. तिनं शेवटपर्यंत वाचलं, खणातून एक पाकीट काढलं आणि दौतीशेजारी ठेवलं.

"विश्वस्तांचा पत्ता तुम्हीच घाला," ती म्हणाली. "मला ठाऊक नाही."

खुर्चीची पाठ धरून एडविन उभाच राहिला.