आर्वो अजून खेळतोय

माझा भाऊ आर्वो ज्या दिवशी व्हिक्टोरियाच्या संघाला नाही म्हणाला, त्या दिवशी तो माझ्या स्वयंपाकघरात कमरेला बर्फाची पिशवी बांधून उभा होता. बसवत नव्हतं म्हणून उभा. फोनवर ग्लेन प्रुडन होता, आमच्या थंडर बे गावच्या ग्रॅनाइट या आइस हॉकी संघाचा नवा व्यवस्थापक. वयानं आर्वोपेक्षा लहान. त्याचा आवाज इतका खणखणीत की मला बटाटे सोलता सोलता सगळं ऐकू येत होतं.

"त्यांचा संघ तयार आहे. फक्त एक मुरलेला बचावपटू कमी पडतोय," प्रुडन सांगत होता. "यंदा चषक तेच नेणार, लिहून ठेव. तू फक्त हो म्हण."

"आणि तुला काय मिळणार?"

"दोन कोवळी पोरं. तुझ्यापासून कशाला लपवू, आर्वो? हा संघ संपलाय. सगळं मोडून पायापासून उभारायचंय."

"किती वर्षं लागतील?"

"तीन. फार तर चार."

"मग मी थांबतो."

प्रुडन म्हणाला, "तेव्हा तू एक्केचाळीस वर्षांचा असशील."

"मला बेरीज येते," असं म्हणून आर्वोनं फोन ठेवला.

त्याच्या मर्जीशिवाय त्याला दुसऱ्या संघाकडे धाडता येणार नाही, असं त्याच्या करारातच होतं. त्यामुळे विषय तिथेच संपला. माझा मात्र संपला नव्हता.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" मी म्हटलं. "जन्मभर त्या चषकासाठी जीव टाकलास, आणि आता तो चालून आला तर नको?"

"तो व्हिक्टोरियाचा चषक, हेलवी. दुसऱ्याच्या वरातीत जाऊन नाचू का मी?"

त्याला तो इथेच हवा होता. का, ते गावात सगळ्यांना माहीत होतं. फार वर्षांपूर्वी ग्रॅनाइट अंतिम फेरीत पोचला होता. शेवटचा सामना आमच्याच बर्फाच्या रिंकवर, बरोबरीत अडकलेला, जादा वेळेत गेलेला. समोरच्यानं मारलेला पक, ती रबरी चकती, आर्वोच्या बुटाच्या पात्यावर आपटला, वळला आणि आमच्याच जाळीत शिरला. त्याला कुणी एका शब्दानं बोललं नाही. न्हाव्याकडे, पेट्रोल पंपावर, चर्चमध्ये लोक त्याचे खांदे थोपटायचे. आई म्हणायची, "शिव्या दिल्या असत्या तर पोरगं लवकर बरं झालं असतं."

आर्वोनं नाही म्हटलं त्या वर्षी चषक व्हिक्टोरियानंच नेला. त्यानं अंतिम सामना टीव्हीवर शेवटपर्यंत पाहिला, "चांगले खेळले," म्हणाला आणि आईच्या अंगणातलं गवत कापायला गेला.

मग आमचा संघ खरंच मोडला. त्याचे जुने सवंगडी एकेक करून गेले. गोलरक्षक कॅल्गरीला गेला. बारा वर्षं त्याच्या शेजारी बचावाला उभा राहिलेला मार्सेल क्विबेकला गेला. मार्सेलच्या बायकोनं जाताना त्यांचं मांजर आर्वोकडे ठेवलं. कपडे बदलायच्या खोलीत आता मिसरूड न फुटलेली पोरं आली, ती त्याला 'आजोबा' म्हणायची.

"आजोबा, तुमच्या काळी पक लाकडाचा असायचा का हो?"

"दगडाचा," आर्वो म्हणायचा. "आणि तोंडानं अडवावा लागायचा. म्हणून तर पुढचे दात नाहीत."

संघ हरत होता. अर्धा सामना झाला की लोक गाड्या गरम करायला उठून जायचे. मी तिथेच बसून राहायची, दोन मफलर गुंडाळून, आजूबाजूला रिकाम्या खुर्च्या. आर्वो कसा टिकला हे मी पाहिलंय. आईनं रविवारी भाजलेला वेलदोड्याचा गोड पाव त्यानं सोडला. ताट मागे सरकवलं की आई कुरकुरायची, "मी मेल्यावर खाशील का?" नोव्हेंबरपर्यंत तो पहाटे सुपीरियर सरोवरात गळ्याइतक्या पाण्यात उभा राहायचा, बाहेर आला की ओठ जांभळे. कंबर शिवून आणली, गुडघा दोनदा उघडला. पायांतला वेग गेला तसा त्यानं खेळच बदलला. मी एकदा चिडवलं, "हळू झालास रे." तर म्हणाला, "हळू नाही झालो. आता लवकर निघतो." आणि खरंच, मारामारी होणार तिथून तो आधीच सरकलेला असायचा, आणि पक येणार तिथे निवांत उभा, बसची वाट पाहावी तसा.

तिसऱ्या वर्षी त्याच्या जोडीला टोबायस ओकिमॉ आला. उत्तरेकडच्या क्री आदिवासींच्या वस्तीतला, अंगानं दांडगा, बोलायला लाजरा. आर्वो त्याला रोज आपल्या गाडीतून सरावाला न्यायचा. दोघं शब्दही बोलायचे नाहीत, पण बर्फावर एक वळला की दुसरा मागची जागा भरायचा. त्या हिवाळ्यात ग्रॅनाइट जिंकायला लागला. खुर्च्या भरल्या. बाद फेरीत पहिल्याच अडथळ्याला हरलो, पण हरूनही लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. आर्वो त्या रात्री आईकडे आला आणि पावाचा मोठा तुकडा तोडून खाल्ला. "पुढच्या वर्षी," एवढंच म्हणाला.

सप्टेंबरात प्रुडननं त्याला बोलावून घेतलं. मी शाळेची बस चालवते. मुलांना सोडून परतताना रिंकपाशी तो रस्त्याच्या कडेला उभा दिसला. मी दार उघडलं, तर तो चढला आणि पहिल्या बाकावर बसला, गुडघे हनुवटीला टेकवून.

"टोबायसच्या जोडीला नवा आणलाय," तो म्हणाला.

"आणि तू?"

"प्रुडन उठून उभा राहिला. हात पुढे केला. रडायलाच आला होता बिचारा, मलाच त्याची समजूत काढावी लागली."

"तुझ्यामुळे उभा राहिला हा संघ!"

"म्हणूनच आता माझी गरज नाही. शिकवायला राहा म्हणाले."

"मग राहा ना!"

"मला खेळायचंय गं," तो म्हणाला, आणि लहानपणी आई दिवे लागल्यावर बर्फावरून ओढून आणायची तेव्हा जसं तोंड करायचा, तसंच त्याचं तोंड झालं. मी बस सुरू केली. दुसरं काय करणार?

महिन्याभरात तो फिनलंडला गेला. आमचे आजोबा तिकडच्या लापुआकडून आले होते. तिथल्याच एका लहान गावच्या दुय्यम संघाला बचावपटू हवा होता. मार्सेलचं मांजर माझ्याकडे आलं.

त्याच मोसमात ग्रॅनाइटनं चषक जिंकला.

जूनमध्ये मिरवणूक निघाली. शाळांना सुट्टी, माझी बस आगारात. खुर्ची टाकून मी आईला रस्त्याच्या कडेला बसवलं. आर्वो घरी येऊ शकला असता. तिकडे उन्हाळ्यातही सराव असतो, असं त्यानं कारण सांगितलं होतं. मी त्याला फोन लावला.

"काय चाललंय?" त्यानं विचारलं.

"ट्रक येतायत. लोक वेडे झालेत. न्हाव्यानं केस निळे रंगवलेत."

पोरं ट्रकवर उभी होती. टोबायसला मी दिसले. तो पटकन खाली उतरला, गर्दीतून वाट काढत आला आणि माझ्या हातातून फोन घेतला.

"आजोबा?"

आर्वो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. टोबायस म्हणाला, "हो. लई जड आहे. खांदे भरून आले." मग बराच वेळ तो ऐकत राहिला, मान हलवत, जणू समोर कुणी बघतंय. "नाही. नवीन चांगला आहे. पण तो मागची जागा भरत नाही." मग ओरडला, "मी सांगतोय ना, तुम्ही इथे पाहिजे होता!" फोन माझ्या हातात देऊन तो डोळे पुसत ट्रकमागे पळाला.

"आर्वो?" मी म्हटलं.

"बोलू नकोस," तो म्हणाला. "फोन वर धर. आवाज ऐकू दे."

मी धरला. हात भरून आला तेव्हा दुसऱ्या हातात घेतला. शेवटचा ट्रक वळणावरून दिसेनासा झाला, लोक पांगले, झाडूवाले आले. फोन कानाला लावला तर तो अजून होता. श्वास ऐकू येत होता.

"संपलं," मी सांगितलं.

"हं," तो म्हणाला. "आईला ऊन लागलं असेल. घरी ने."

ऑगस्टमध्ये तो पंधरवडाभर आला. आम्ही सगळे सरोवराकाठच्या लाकडी घरात होतो. आर्वो सौनाच्या गरम खोलीतून नुकताच बाहेर आला होता, टॉवेल गुंडाळून पायरीवर बसला होता, तेवढ्यात प्रुडनची गाडी आली. आईनं त्याला कॉफी दिली, पाव दिला नाही.

"आम्हाला तुझ्या जर्सीचा नंबर वर टांगायचाय," प्रुडन म्हणाला. "रिंकच्या छताला. तो पुन्हा कुणी घालणार नाही. ऑक्टोबरात समारंभ. सगळं गाव येईल."

मला वाटलं, आता तरी हा मोकळा होईल. आर्वो पाण्याकडे बघत राहिला.

"ज्याचं खेळून झालं, त्याचा नंबर टांगतात, ग्लेन."

"आर्वो..."

"ऑक्टोबरात माझे सामने आहेत."

प्रुडन माझ्याकडे पाहू लागला. मी कपात पाहिलं. तो गेल्यावर मी विचारलं, "तुला वाईट वाटत नाही?"

"वाटतं की. रोज वाटतं," तो म्हणाला. "बर्फावर उतरलो की जरा कमी होतं. मग म्हटलं, जमतंय तोवर उतरावं."

त्याला विमानतळावर सोडायला मी गेले. हॉकीची लांब पिशवी त्यानं कुणाला उचलू दिली नाही. चालताना डावा पाय जरासा मागे राहत होता. मी काच लावलेल्या भिंतीपाशी उभी राहून बघत होते, विमान ढगात शिरेपर्यंत.

याला आता दोन वर्षं झाली. दर रविवारी त्याचा फोन येतो. कालच्या सामन्यात काय झालं, कोणत्या पोरानं आजोबा म्हणून चिडवलं, गुडघा कसा आहे, सगळं सांगतो. आई विचारते, "कधी येतोस?" तो म्हणतो, "मोसम संपू दे." आई फोन ठेवते आणि म्हणते, कोणता मोसम ते विचारायचं राहिलंच.