बदकं आवरा

"काका, बदकांची गोष्ट तुम्हीच लिहायची," नोक म्हणाली आणि तिने माझ्यापुढे कोरे कागद सरकवले. "उद्या दुपारी छापखान्यात द्यायचंय. बाबांच्या पुस्तकात बदकं नाहीत असं झालं, तर लोक पुस्तक परत करतील."

नोकचे बाबा, म्हणजे माझा मित्र बुन्लुअ, जाऊन पाच दिवस झाले होते. आमच्याकडे माणूस गेला की त्याच्या आयुष्यावर एक लहानसं पुस्तक छापतात आणि दहनाला येईल त्याच्या हाती देतात. पुढच्या निम्म्यात त्याची माहिती, मागच्या निम्म्यात लोकांच्या उपयोगाचं काहीतरी, बहुधा बुद्धाची सुत्तं. बुन्लुअ मात्र चिठ्ठी ठेवून गेला होता. 'मागे सुत्तं छापू नयेत, ती भन्तेजींना पाठ आहेत. घरचा पाण्याचा पंप कसा दुरुस्त करावा ते छापावं. आकृत्या कपाटात आहेत.' कपाटात चौदा आकृत्या निघाल्या, एकेका वॉशरचं माप लिहिलेल्या. कालव्यावर इंजिनिअर म्हणून जन्म काढला, निवृत्त होऊन एकोणीस वर्षं झाली, तरी या गृहस्थाच्या खिशात स्क्रू-ड्रायव्हर असायचाच. लग्नाला गेला तरी आधी यजमानांचा पंप बघून यायचा.

लमाई वहिनी पलीकडे बाजेवर बसून केळीच्या पानांत चिकट भात बांधत होत्या. संध्याकाळी पाठाला येणाऱ्यांना चहाबरोबर तो द्यायचा होता.

"लिहा की, भावजी," त्या म्हणाल्या. "तुम्ही होतातच ना तेव्हा ह्यांच्या कालव्याच्या ऑफिसात."

"होतो," मी म्हणालो.

गोष्ट गावात शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक आहे. एक्केचाळीस वर्षांपूर्वी, ऐन उन्हाळ्यात, जिल्हा कचेरीपुढे कारंज्याचं उद्घाटन होतं. बँकॉकहून मोठे साहेब आलेले, मांडव घातलेला. सातव्या कालव्याचा दरवाजा सकाळी सहाला वीतभर उघडून आठला बंद करायचा होता. बुन्लुअसाहेब तो बंद करायलाच विसरले. पाणी शेतं ओलांडून थेट मांडवात शिरलं आणि पाण्याबरोबर शेतात चरणारी दोन हजार बदकंही आली. कारंज्याची कळ दाबायच्या आधीच साहेबांचे बूट भिजले. साहेब टेबलावर चढले, तर त्यांच्या रिकाम्या खुर्चीत एक बदक जाऊन बसलं आणि भाषण ऐकू लागलं.

हे बुन्लुअ स्वतःच सांगायचा, बारशाला, लग्नाला, अगदी मयतीलाही. बदक मान कशी वाकडी करत होतं तेही करून दाखवायचा. त्यावरून त्याचं नाव 'पूरसाहेब' पडलं. बाजारात कुणी "ओ पूरसाहेब" म्हणून हाक मारली की हा रस्त्याच्या पलीकडून ओरडायचा, "आलो, बदकं आवरा!" निवृत्तीच्या समारंभात त्याला लाकडी बदक भेट दिलं होतं. ते घरात बुद्धमूर्तीच्या एक फळी खाली ठेवलेलं आहे.

गोष्ट छान आहे. फक्त तो दरवाजा बुन्लुअने उघडा ठेवला नव्हता. मी ठेवला होता.

त्या दिवशी पाळी माझी होती. सहाला दरवाजा उघडला आणि वाटलं, आठ वाजेपर्यंत केस कापून यावं, कारण दुपारी मुलगी मागायला जायचं होतं. न्हाव्याकडे होणारा सासराच भेटला. तो मला हाताला धरून घरी घेऊन गेला, मासा खाऊ घातला, आणि दरवाजा माझ्या डोक्यातून साफ निघून गेला. मी तेव्हा तात्पुरत्या नोकरीवर होतो. चौकशी लागली असती तर नोकरी गेली असती, आणि सरकारी नोकरीशिवाय सासरा मुलगी देणार नव्हता. संध्याकाळी धापा टाकत ऑफिसात पोचलो, तेव्हा चूक आपलीच अशी सही करून बुन्लुअ मोकळा झाला होता.

"मी पक्का नोकर आहे," तो म्हणाला. "मला फार तर बदली देतील. तू लग्न कर, लेका. आणि जेवायला बोलव."

बदली झाली ती उत्तरेच्या डोंगरातल्या एका धरणावर, चार वर्षं. नवी नवरी घेऊन गेला. पुढे बढतीत कायम एक पायरी मागे राहिला. परत आल्यावर मी दोनदा खरं सांगायला निघालो. दोन्ही वेळा त्याने मला अडवलं. दुसऱ्या वेळी तर चिडला. "गोष्ट आता माझी आहे. मी तिच्यावर इतकी मेहनत घेतलीय. तू मध्ये लुडबुडू नकोस." मी गप्प बसलो. गप्प बसणं सोयीचंच होतं, खोटं कशाला बोलू. माझी बायको गेली, तिलाही कळलं नाही. तिच्यामागे मी रोज दुपारी बुन्लुअकडे जेवतो, त्याच वहिनींच्या हातचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कागद घेऊन गेलो. बदकांची गोष्ट लिहायला तीनदा बसलो होतो आणि 'बुन्लुअ विसरला' या शब्दांपाशी तीनदा अडलो होतो. छापलेलं पुस्तक घराघरात राहणार, पंपाच्या आकृत्यांमुळे तर ते कुणी टाकणारही नाही. शेवटी जे घडलं होतं ते लिहिलं. हे घर आपल्याला बंद होणार, हे धरूनच निघालो होतो.

नोकने मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि अर्ध्यावर तिचा आवाज बारीक झाला. वहिनींचे हात भातात थांबले.

"म्हणजे डोंगरावरची ती चार वर्षं तुमची," त्या म्हणाल्या.

"माझीच."

"मला तिथे न्युमोनिया झाला होता."

"माहीत आहे."

"माहीत असणारच. दोन दिवस बसने प्रवास करून औषध घेऊन आला होतात. मी ह्यांना म्हटलं, काय देवमाणूस मित्र मिळालाय तुम्हाला." त्यांनी पुढ्यातलं केळीचं पान बाजूला सरकवलं. "आणि खुर्चीतलं बदक?"

"ते नव्हतं. ते त्याने नंतर घातलं."

"रोज झोपताना विचारायचे मी. गॅस बंद केला का, नळ बंद केला का, नाहीतर येतील तुमची बदकं. आणि हा माणूस निमूट उठून बघून यायचा. एक्केचाळीस वर्षं, भावजी. एकदा तरी म्हणायचं ना, की बाई, मी विसरणारा नाही." हात चिकट होते म्हणून त्यांनी मनगटाने डोळे पुसले. मला तिथे बसवेना, पण उठायचाही धीर होईना.

"आई, मग गोष्ट काढून टाकू का?" नोकने विचारलं.

"काढायची नाही. त्यांची आहे ती. ते सांगायचे तशीच छाप, बदकाला खुर्चीत बसवून. आणि खाली एक ओळ टाक, भावजींच्या सहीने. दरवाजा मी उघडा ठेवला होता, एवढीच." मग त्यांनी पुन्हा भात हातात घेतला. "आणि तुम्ही आज जेवायला थांबू नका. उद्याही येऊ नका. मला दोन दिवस रागावू दे. परवा या, आंबट रस्सा करीन."

मी तिसऱ्या दिवशी गेलो. रस्सा नेहमीपेक्षा तिखट होता. वाटी पुसून खाल्ला.

दहनाच्या दुपारी विहाराचं अंगण भरलं होतं. पेटी वर पायऱ्यांच्या टोकाशी ठेवली होती, शेजारी चष्मा घातलेला बुन्लुअचा फोटो. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर लोक पुस्तक चाळत होते. कुणी आधी पंप बघत होतं, कुणी फोटो. मग बाराव्या पानाशी एकेक जण हसायला लागला. खुर्चीतल्या बदकाशी तर मागच्या दोन रांगा खुर्च्यांसकट हलल्या. हसणं शेवटच्या ओळीशी जाऊन थांबत होतं, आणि वाचणारा मान वर करून मला शोधत होता. मी आपला फोटोकडे बघत बसलो.

पाठ संपला. पेटीपाशी वाहायची चंदनाच्या पातळ ढलप्यांची फुलं वाटून झाली. पहिलं फूल कुणी वाहायचं हे भन्तेजी माईकवरून सांगतात. त्यांच्याही मांडीवर पुस्तक उघडं होतं. त्यांनी चष्मा वर केला, पुन्हा खाली केला, आणि शांतपणे म्हणाले, "पूरसाहेब, पुढे या."

सगळ्यांच्या नजरा वर गेल्या. मीही सवयीने मान वळवून वर पेटीकडेच बघितलं. इतकी वर्षं या हाकेला त्याच्याकडूनच उत्तर यायचं.

पुढच्या रांगेतून वहिनी वळल्या. "भावजी," त्या म्हणाल्या, "तुम्हाला बोलावतायत."

मागे कुणीतरी हळूच बदकासारखा आवाज काढला आणि त्याला शेजारच्याने गप्प केलं. मी उठलो. पायऱ्यांपाशी पोचेपर्यंत सगळ्यांना ऐकू जाईल इतपत आवाज निघाला.

"आलो," मी म्हणालो. "बदकं आवरा."