दुसऱ्याच्या नावाचं रक्त

"क्रेनवाले ना तुम्ही?" लॅबवाल्या बाईने दंडाला रबर बांधता बांधता विचारलं.

धाकटा घाईघाईने म्हणाला, "नाही, मी पंप दुरुस्त करतो. क्रेनवाले आमचे दादा. तोंडवळा सारखाच आहे आमचा."

"तोंडवळा असेल. पण कोपरावरचा हा भाजल्याचा डागसुद्धा सारखाच?"

आता हिच्याशी काय खोटं बोलणार? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

गेल्या वर्षी थोरल्याच्या पिण्याची बोंब कंपनीपर्यंत गेली होती. लिव्हर ठीक असल्याचं रक्त तपासून आण, मगच क्रेनवर चढ, असं साहेबाने बजावलं होतं. धाकटा दारूला शिवायचा नाही. "आई गेल्यावर तुला कुणी वाढवलं रे?" एवढंच थोरला म्हणाला, आणि धाकटा इथे येऊन बसला. भावाच्या नावाला "हो" म्हणाला, रक्त देऊन गेला. "सगळं झकास आलं," म्हणून थोरल्याने पाठ थोपटली. विषय मिटला.

आणि आता जिना चढताना पाय गळायचे, जेवणाचा वाससुद्धा नको व्हायचा, डोळे तर हळदीत बुडवून काढल्यासारखे, म्हणून तो परत इथे आला होता.

"मी फोन केला होता तेव्हा," बाई म्हणाली. सुई कधी शिरली ते धाकट्याला कळलंच नाही. "लिव्हरचे एंझाइम कितीतरी पट वाढलेत, दुसऱ्याला लागणारी कावीळही असू शकते, आजच्या आज डॉक्टरला दाखवा, असं सांगितलं. तुमचे दादाच बोलले असणार. 'दाखवतो' म्हणाले. नंतर मी रजेवर असताना त्याच नावाने परत रक्त आलं, ते एकदम चोख. मला वाटलं, सुटला बिचारा."

"एंझाइम म्हणजे काय असतं?"

"लिव्हरच्या पेशींत असतं ते. पेशी फुटल्या की रक्तात सांडतं. रक्तात जास्त दिसलं की समजायचं, आत मोडतोड चाललीय."

हे मात्र त्याच्या डोक्यात झटकन शिरलं. पाणबुडी मोटरचं सील गेलं की पाण्यावर तेलाचा तवंग येतो. तवंग दिसला की मोटर वर काढायची, नाहीतर जळते. थोरल्याने तवंग बघितला होता. बघून पाठ थोपटली होती.

घरी थोरला नुकताच कामावरून येऊन मोजे काढत होता.

"दादा, लॅबमधून फोन आला होता तुला?"

"कधीचं काय उकरून काढतोयस?"

"आला होता का?"

"आला होता." थोरला मोज्याशीच बोलल्यासारखा बोलला. "तू डॉक्टरकडे गेला असतास, त्याने मागची तपासणी विचारली असती. सगळं बाहेर आलं असतं. क्रेन गेली असती माझी. आणि मला वाटलं, तरणाताठा आहेस, उतरेल आपोआप."

"मग दुसरं रक्त कुणाचं?"

"साडूचं."

आत भांडी विसळायचा आवाज बंद झाला. वहिनी ऐकत होती. आणि धाकट्याचं डोकं फिरलं. त्या फोनच्या सुमारासच तर त्याचा चहाचा कप वेगळा झाला होता. "तुम्हाला मोठा लागतो ना, भावोजी," असं वहिनी म्हणाली होती, आणि तो गाढवासारखा खूश झाला होता. पुतण्या त्याच्या कुशीत झोपायचा, त्यालाही तिने उचलून नेलं होतं. पोराला उकडतं म्हणे. भर थंडीत.

"पोराला जपलंत," तो म्हणाला. "म्हणजे जपण्याइतकं कळत होतं तुम्हाला."

"अरे, लेकरू आहे ते."

"आणि मी कोण होतो?"

थोरल्याने काढलेला मोजा परत पायात चढवायला घेतला. कुठे जायचं नसताना.

त्या कपाचे भिंतीवर आपटून तुकडे करावेत, असं धाकट्याच्या मनात आलं. पण पुतण्या झोपला होता, दचकला असता.

डॉक्टर आडपडदा न ठेवता बोलला. "तेव्हाच आला असतास तर नुसत्या गोळ्यांवर निभावलं असतं. आता लिव्हर आकसायला लागलंय. औषध देतो. रक्त तपासत राहायचं. एंझाइम उतरतंय का, त्यावरून पुढचं बघू."

पुढच्या तपासणीला थोरला न बोलावता आला, कामावर खाडा करून. बाकावर जागा होती, तरी भिंतीला टेकून उभा राहिला.

"नाव?" बाईने माहीत असूनही विचारलं.

धाकट्याने सांगितलं. स्वतःचं, आडनावासकट, कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

सुई बाहेर आली. बाईने कापूस ठेवला आणि नळीवर चिठ्ठी चिकटवायला वळली. "कुणीतरी दाबून धरा जरा."

थोरला पुढे झाला, वाकला, अंगठा पुढे केला.

धाकट्याने कोपर दुमडलं आणि हात छातीशी घेतला. थोरल्याचा अंगठा थोडा वेळ तसाच पुढे राहिला.