लेथभोवतीचं विद्यापीठ

आमच्या खासगी तंत्रविद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेत पहिल्याच पानावर एका लेथ मशीनचा फोटो आहे आणि शेजारी ती चालवणाऱ्या टर्नरचा. दोघंही सारखेच तेलकट.

भर शहरात आधी नुसती पत्र्याची शेड होती. तिच्यात टर्नरच्या वडिलांची चौदा फुटी लेथ. त्याचे सख्खे मामा, म्हणजे आमचे संस्थापक, एकदा म्हणाले, "दोन मुलांना शिकव रे फावल्या वेळात." दोनाची वीस झाली. मामांनी पत्रे काढून भिंती घातल्या, वर मजला चढवला, त्यावर आणखी. असे अकरा. लेथ आधी आली, दार मागाहून. दाराचं माप धरताना लेथचा विचार कुणी केलाच नाही. नकाशा मी काढला होता, म्हणून मी हे हळू आवाजात सांगतो.

मागच्या महिन्यात टर्नरच्या बायकोने दुसऱ्या शहरात गाळा घेतला. "एक तारखेपर्यंत लेथ घेऊन या, नाहीतर तिथेच संसार करा तिच्याशी," असा तिचा फोन आला.

टर्नरने लेथचं सगळं सुटं केलं. उरला लेथचा लांबलचक पाया, म्हणजे अखंड ओतीव बेड. तो ना दारातून निघे, ना दाराबाहेरच्या बोळात वळे.

"मामा, भिंत फोडतो."

"फोड की! वरचे अकरा मजले तेवढे हातात धर."

टर्नर हट्टाला पेटला. त्याने लोखंडी टेकू लावले आणि एकेक वीट अलगद काढायला लागला. दुपारपर्यंत हातभर भोक पडलं. पलीकडचा रस्ता दिसला, वाराही आत आला. तेवढ्यात मागून एका विद्यार्थिनीने विचारलं, "सर, टेकू इथेच का? तिकडे का नाही?"

वीस वर्षांची सवय. टर्नर वळला, खडू घेतला आणि समजावत बसला.

मामा दारात उभे राहून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी वेळापत्रकात नवा विषय लागला: भिंत काढणे व लावणे. सकाळची तुकडी विटा काढते, दुपारची पुन्हा रचते. शिकवतो अर्थात टर्नर.

एक तारीख उलटली. बायकोचा फोन आला, तेव्हा तो भोकाशीच उभा होता.

"निघालात का?"

"निघतोच," तो म्हणाला, आणि त्याच्या हातातली वीट दुपारच्या तुकडीने रचायला घेतली.