वीजघराचं डिझेल

ह्या वीजघरात काहीतरी काळंबेरं आहे, असं आक्काताईला पहिल्या दिवसापासून वाटत होतं. आणि आक्काताईला एकदा वाटलं की वाटलं. मग ब्रह्मदेव खाली उतरला तरी तिची समजूत काढणं मुश्कील.

वीजघर म्हणजे शाळेच्या टेकावरची पक्की खोली. आत जनरेटर, भिंतीला दहा-बारा प्लग. पुरात लाइट गेली की अख्ख्या गावानं तिथं यायचं, मोबाइल चार्ज करायचे, बोअरची मोटर तिथूनच चालवायची. मागल्या पुरात चार दिवस अंधार होता आणि आक्काताईचा नवरा जयसिंग मरता मरता वाचला होता. फाउंड्रीत वीस वर्षं धूळ खाल्लेली छाती ती. दम लागला की वाफेचं मशीन लावावं लागे, आणि मशीनला वीज लागे. म्हणून तर ह्या खोलीसाठी विटा वाहायला सगळ्यांत पुढं आक्काताईच होती.

पण खोलीच्या किल्ल्या झाल्या दोन. एक आक्काताईकडं, दुसरी शिवय्याकडं. शिवय्या वरच्या गल्लीचा. शेती करायचा आणि गावातली इंजिनं दुरुस्त करायचा. कपाळाला ठसठशीत विभूती, बोलणं कमी. हे कमी बोलणंच आक्काताईला खुपायचं. मागच्या पुरात मदतीचं पीठ वरच्या गल्लीत वाटलं गेलं आणि बुद्धविहारामागच्या खालच्या गल्लीत, म्हणजे आक्काताईच्या गल्लीत, नुसती रिकामी पोती आली, तेव्हाही ही माणसं अशीच गप्प होती. ते ती विसरली नव्हती, आणि का विसरावं?

२००५च्या उन्हाळ्यात तिनं बघितलं, टाकीतलं डिझेल उतरतंय. पूर नाही, पाणी नाही, जनरेटर बंद, मग डिझेल जातंय कुठं? किल्ल्या तर दोनच.

"शिवय्या त्येच्या ट्रॅक्टरात वततोय," ती जयसिंगला म्हणाली.

"बघितलंस का तू?"

"बघायला कशाला पायजे? दिसतंय की!"

जुलैत एके दुपारी, गाव रानात गेल्यावर, तिनं डिझेलचे तिन्ही भरलेले कॅन एकेक करून घरी आणले. त्यांच्या जागी रॉकेलचे रिकामे कॅन ठेवले. चोरानं हात मारला तर मारू दे हवेवर! नदी चढायला लागली की कॅन परत वर न्यायचे, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

आठ दिवसांत पंचगंगा फुगली. सकाळी दारात पाणी आलं आणि सामान माळ्यावर चढवता चढवता दुपारपर्यंत कंबरेला लागलं. नेमका तेव्हाच जयसिंगचा दम उसळला. आक्काताईनं एका हातानं नवऱ्याला धरलं, दुसऱ्या हातात मशीन घेतलं आणि टेकाची वाट धरली. कॅन आठवले ते वीजघराच्या उंबऱ्यावर. मागं वळून बघितलं तर पाणी आणखी चढलं होतं, खालच्या गल्लीची नुसती कौलं दिसत होती.

शिवय्या आधीच आत होता. त्यानं जनरेटरची दोरी ओढली, तो चार वेळा खोकून बंद पडला. टाकी कोरडी. वीजघराच्या समितीचे हंबीरराव कॅन उचलायला गेले आणि तिन्ही कॅन एका हातात आले.

"रिकामं! काय गा शिवय्या, डिझेल कुठं हाय?"

"टाकीतलं दर सोमवारी धा मिनिटं जाळत हुतो," शिवय्या म्हणाला. "सोमवार म्हादेवाचा, आमी बैल जुपत न्हाय, तवा रिकामा असतोय. इंजान चालवलं न्हाय तर जाम हुतंय."

"आनि कॅनातलं?"

शिवय्या गप्प. आक्काताईनं जयसिंगला भिंतीला टेकवलं.

"चोर हाय त्यो!" कुणीतरी ओरडलं. शिवय्या दाराकडं निघाला, तसा हंबीररावांनी त्याचा गळा धरला. "पळतोस कुठं?"

"ट्रॅक्टरातलं डिझेल आनतो. सोडा मला."

"म्हंजे तिथंच वतलंस की रं!"

सगळ्यांनी त्याला घेरलं. शिव्यांचा नुसता भडिमार. इकडं भिंतीला टेकलेल्या जयसिंगचे ओठ निळे पडत चालले होते. प्रत्येक श्वासाला बरगड्या आत ओढल्या जात होत्या. आक्काताईला वाटलं, गप्प बसावं, सोडतील त्याला आपोआप. पण कुणी सोडायला तयार नव्हतं, आणि जयसिंगकडं तेवढा वेळ नव्हता.

"सोडा त्येला!" ती किंचाळली. "डिझेल मी नेलं! माझ्या घरात पान्याखाली हाय! सोडा की मुडद्यांनो, माझा नवरा मराय लागलाय!"

हंबीररावांचा हात गळून पडला. शिवय्या फाटक्या कॉलरनंच धावत गेला. नळी तोंडात धरून त्यानं ट्रॅक्टरच्या टाकीतलं डिझेल ओढलं, थुंकला, कॅन भरून आणला. इंजिनाच्या नळीतली हवा काढून त्यानं दोरी ओढली. जनरेटर धडधडला. मशीन घुरघुरलं, मास्कमधून वाफ आली. बराच वेळ गेला, मग जयसिंगच्या ओठांचा निळेपणा हळूहळू ओसरला.

शिवय्या कोपऱ्यात पाण्यानं चुळा भरत होता. आक्काताई मास्क धरूनच म्हणाली, "शिवय्याआण्णा, मी तुमास्नी चोर समजले."

"मीबी तुला चोरच समजलो की," शिवय्या म्हणाला. "कॅन नेताना तुला बघितलं हुतं म्या. नवं डिझेल आनायचं म्हनत हुतो, तर पंपाची वाट पान्यात गेली."

"बघितलं? मग मगाशी बोल्ला का न्हाईसा? तुमचा गळा धरला हुता त्येंनी!"

"नाव घेतलं असतं, तर हितं तुला कुनी उभं ऱ्हाऊ दिलं असतं व्हय?" त्यानं जयसिंगकडं मान केली. "मग ह्येला कुठं नेलं असतंस?"

नवऱ्याच्या तोंडावरचा मास्क एका हातानं धरून आक्काताई सगळ्यांदेखत ढसाढसा रडली.