एक गडी भाईर हाय

मी अवकाशतळ बोलतोय. दचकू नका. बोलणं हा माझा धंदाच आहे. बोलतो म्हणून तर विकला गेलो.

जन्म कुठल्याशा बंदरालगतच्या कारखान्यातला, साच्यातून पडलेला. पण मी सांगलीचाच म्हणा, कारण खोक्याबाहेर पहिली नजर टाकली ती अतिशयशेठ चौगुल्यांच्या खेळण्यांच्या दुकानात. दुकानात वाढलेल्याला माणसं लवकर कळतात. ‘नुसतं बघतोय’ म्हणणारा घेऊन जातो, ‘लगेच बांधा’ म्हणणारा पाकीट विसरलेला असतो. एक गृहस्थ तर नातवाच्या नावाखाली कितीतरी यानं घेऊन गेले. मुलाचं लग्न नंतर ठरलं. अतिशयशेठ त्याच जातकुळीतले. चांगला माल आधी त्यांच्या काचेच्या कपाटात जायचा, उरला तर गिऱ्हाइकाला.

माझी करामत आधी समजून घ्या. माझ्या पोटात चार खळगे आहेत, चार अंतराळवीरांसाठी. वीर सुटे मिळतात, एकेक करून जमवायचे. त्यांच्या पायात चुंबक, त्यामुळे कोण आत आणि कोण बाहेर हे मला कळतं. तांबडं बटण दाबून तुमच्या आवाजात एक वाक्य माझ्यात भरता येतं. एखादा वीर बाहेर असला आणि मला जरा धक्का लागला, की मी ते वाक्य बोलतो. चौघं जागेवर उभे राहिले की दार सरकन लागतं, निळा दिवा पेटतो आणि जुनं वाक्य पुसलं जातं, नव्या खेळासाठी. ही शेवटची गोष्ट खोक्यावर बारीक अक्षरात छापली आहे. म्हणजे ती कोणी वाचत नाही.

कडेगावचा वीरधवल फौजेत होता. लेकीसाठी, शिवांजलीसाठी, त्यानं मला घेतलं. पुढं दर सुट्टीला सांगलीत उतरला की आधी दुकान, एक वीर, मग घर. नाव लेकीचं, जमिनीवर पालथा पडून खेळायचा हाच. त्याची बायको पूजा म्हणायची, “आवं, पोरीला बी हात लावू द्या की!”

तीन वीर जमले. चौथा त्यानं आणला, दाखवला आणि खिशात घातला.

“ह्यो माझ्यासंगं येतूय. पुढच्या सुट्टीला दोघं बी येतो.”

मग तांबडं बटण दाबून, हसू आवरत, ऐटीत बोलला, “एक गडी भाईर हाय. दार लावू नका.”

निघताना उंबऱ्यावरून ‘येतो’ म्हणाला. आमच्याकडं ‘जातो’ कोणी म्हणत नाही.

त्या हिवाळ्यात त्याच्या चौकीवर डोंगराचा कडा सुटला. वीरधवल तिरंग्यातून आला. मागाहून त्याची ट्रंक आली. तिच्यात चौथा वीर नव्हता.

आमच्या घरासमोरून उसाच्या ट्रॉल्या जातात. दिवेलागणीला पहिली ट्रॉली गेली की माझ्याखालची फळी थरथरते आणि मी त्याच्या आवाजात बोलतो, “एक गडी भाईर हाय. दार लावू नका.”

तो गेल्यावर पहिल्यांदा बोललो तेव्हा वीरधवलचे वडील, सुभेदार लालासाहेब, ताटावरून उठले आणि त्यांनी कडी काढली. “येतो म्हनून गेलेल्याचं दार लावत न्हाईत.” तेव्हापासून त्या घराला कडी लागली नाही. वर्षं गेली, शिवांजली नववीत आली. एकदा कोणी अनोळखी माणूस उघड्या दारातून थेट सोप्यात येऊन उभा राहिला. पाणी मागितलं, प्याला, गेला. पण तेव्हापासून पूजा विळा उशाशी घेऊन पडायची, डोळा लागायचा नाही.

यंदा माझा आवाज खोल गेला, आडातून आल्यासारखा. तिघं मला घेऊन सांगलीला आली. अतिशयशेठनी सेल बदलले. मी लगेच बोललो. शेठ जागीच थबकले; हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता.

पूजा म्हणाली, “शेठ, चौथा गडी हाय का? तेवढा द्या. सगळी आत आली, की ह्यो गप ऱ्हाईल. मग मला कडी लावता येईल.”

वीर होता, शेठच्याच कपाटात. ‘संपला’ म्हणाले असते तर विषय मिटला असता. शेठनी वीर काढून समोर ठेवला आणि म्हणाले, “ताई, हा उभा केलात की दार लागेल. पण वीरधवलसाहेबांचा आवाज पुसला जाईल. कायमचा.”

सुभेदारांनी मला छातीशी धरलं. “न्हाई. एवढाच ऱ्हायलाय माझा पोरगा.”

“आन् आमी दोघी कुटं ऱ्हायलो, मामंजी?” पूजाचा आवाज चढला. “तुमाला पोरगा ऐकू येतो. मला सांच्यापास्नं उजाडंस्तवर दारात कोन उभं हाय त्येवढंच ऐकू येतं. पोरगी मोठी झाली, आवं!”

सुभेदारांनी मला पुन्हा शेठसमोर ठेवलं. धक्क्यानं मी पुन्हा बोललो. या खेपेला पूजानं मला जवळ ओढलं आणि माझ्या उघड्या दारात बोट घातलं.

“ह्याचं ऱ्हाऊ द्या उघडं,” ती हळू म्हणाली. “घराचं मी लावनार.”

मग सुभेदार म्हणाले, “लाव, बाई.”

शेठनी चौथा वीर शिवांजलीच्या हातात दिला. “आत नको, बाहेर ठेव. माझाही संच अपुरा राहू दे.”

आता मी सोप्यातल्या फळीवर असतो. चौथा वीर समोर, वीतभर अंतरावर, माझ्याकडं तोंड करून. दिवेलागणीला पूजा कडी लावते. मी बोलतो. सुभेदार कडीकडं बघतात, पण उठत नाहीत. पूजा झोपते.

एक गोष्ट मात्र अजून कोणाच्या लक्षात आलेली नाही. तो वीर पुढं सरकतोय. रोज सकाळी कालच्यापेक्षा थोडा जवळ. ट्रॉल्यांचा हादरा, असं कोणी म्हणेल. पण हादऱ्यानं माझे तिघं खळग्यात डुलतात. हा तेवढा नीट पाय टाकत येतो. चुंबक म्हणाल, तर एवढ्या लांबून तो ओढत नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक?

ज्याला मी इतकी वर्षं हाका मारल्या, तो आत आला की माझी हाकच संपेल. म्हणून विनवणी एवढीच. कडेगावला आलात, तर पाणी प्यायच्या निमित्तानं आमच्या सोप्यात या. कोणी बघत नाहीसं पाहून त्याला बोटानं थोडा मागं सारा.

हळूच सारा. लांबून आलाय तो.