दुपारी बाराचा झेंडा

मित्रांनो, मी झेंड्याचा खांब आहे, आणि लाकडाचा आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण शेजारचा खांब लाकडाचा नाही. तो फायबरचा आहे. त्याला रंग लागत नाही, तो कुजत नाही, वर माझ्यापेक्षा हातभर उंच! त्याची दोरी पोटातून जाते, त्यामुळे कितीही वारा सुटला तरी तो आपला गप्प. माझी दोरी बाहेरून. जरा वारं आलं की ती माझ्याच अंगावर फटाफट आपटते आणि गल्लीतले लोक माझ्या मालकिणीचं नाव घेऊन म्हणतात, "दाग्नीबाईंचा म्हातारा लागला पुन्हा कुरकुरायला." ऐकून माझा नुसता जळफळाट होतो.

डेन्मार्कमधल्या फ्यून बेटावर, याच गावाबाहेरच्या जंगलात, मी सरळसोट झाड होतो. दाग्नीबाईंच्या नवऱ्यानं, एस्किलनं, मला निवडलं. साल काढली, रंधा मारला, पांढराशुभ्र रंग दिला आणि डोक्यावर सोनेरी गोळा बसवला. दर दोन-तीन वर्षांनी वसंतात तो मला आडवं करून खरवडायचा आणि नवा रंग द्यायचा. काय थाट होता तेव्हा माझा! घरात कुणाचा वाढदिवस असला, लग्न असलं, पोरगं परगावाहून आलं की माझ्यावर झेंडा चढायचा. कुणी गेलं की तोच झेंडा अर्ध्यावर. एस्किल गेला तेव्हाही मीच तो अर्ध्यावर धरला. त्यानंतर मला कुणी रंग दिला नाही. आता माझ्या उत्तरेकडच्या अंगावर शेवाळ चढलं आहे.

हेवा करायला मात्र मी माझ्या मालकिणीकडूनच शिकलो. त्याचं असं आहे, की नऊ एप्रिल १९४० च्या पहाटे जर्मन सैन्य या देशात घुसलं आणि त्याच पहाटे दाग्नीबाईंचा जन्म झाला. पाच मे १९४५ ला देश सुटला, आणि त्या दिवशी जन्मली शेजारची आस्ता, म्हणजे त्या फायबरवाल्याची मालकीण. झालं! तेव्हापासून नऊ एप्रिलला सगळ्या देशात झेंडे सकाळपासून अर्ध्यावर. दुपारी बारा वाजता लोक दोन मिनिटं स्तब्ध उभे राहतात, मग कुठं झेंडा पूर्ण चढतो. आणि पाच मेला? आदल्या संध्याकाळी घरोघरी खिडकीत मेणबत्त्या, सकाळपासून झेंडेच झेंडे. गावातले टवाळ म्हणायचे, "दाग्नी आली नि देश गेला, आस्ता आली नि देश परत आला." लहानपणापासून हे ऐकायचं म्हणजे काय, सांगा बरं.

दर पाच मेला दाग्नीबाई स्वयंपाकघराच्या खिडकीत उभ्या राहून धुसफुसायच्या. "बघा नखरा! जशी काही हिनंच देश सोडवला! अगं, जन्माला आलीस, एवढंच ना केलंस?"

मला अगदी पटायचं. त्या दिवशी तो फायबरवाला सकाळपासून असा मिरवायचा, की बघवत नसे.

दाग्नीबाईंची पंचाहत्तरी आली. त्यांची लेक सिग्ने आदल्या दिवशीच येऊन राहिली होती. तिनं साय आणि जॅम भरलेला थरांचा केक केला, त्यावर इवलेइवले कागदी झेंडे खोचले. सकाळी आम्ही दोन्ही खांब अर्ध्यावर होतो. बारा वाजले. दोन मिनिटं गल्ली चिडीचूप झाली. मग सिग्नेनं माझी दोरी ओढली आणि माझा झेंडा वर गेला. गल्लीतले सगळे झेंडे वर गेले. शेजारचा सोडून!

खोटं कशाला बोलू, मला उकळ्या फुटल्या. एवढा उंच, एवढा गुळगुळीत, आणि झेंडा अर्ध्यावरच लोंबतोय! मी तासभर तेच बघत होतो.

आत दाग्नीबाई केक पुढ्यात तसाच ठेवून शेजारच्या झेंड्याकडे बघत होत्या. खिडकी उघडी होती, वारा पडला होता, त्यामुळे मला शब्द न शब्द ऐकू येत होता.

"पाहिलंस? मुद्दाम केलंय. माझ्या पंचाहत्तरीला!"

"आई, विसरल्या असतील त्या."

"आस्ता? आणि विसरेल? सूर्य मावळायच्या आत झेंडा उतरला पाहिजे म्हणून पाहुण्यांना ताटावर सोडून उठणारी बाई ती!"

"बरं, आधी केक खा. कॉफी गार होतेय."

"होऊ दे गार. आज एकदाचा सोक्षमोक्षच लावते."

दाग्नीबाई पदराला... नव्हे, ॲप्रनला हात पुसत ताडताड कुंपण ओलांडून गेल्या. जा, चांगली कानउघाडणी करा, असं मी मनात म्हटलं. त्या शेजारच्या घराच्या मागच्या बाजूला वळल्या.

"आस्ता, तुला काही लाज—"

पुढं काहीच ऐकू आलं नाही. मग दाग्नीबाईंची किंकाळी आली. "सिग्ने! रुग्णवाहिका बोलाव! पळ!"

पुढचं सगळं दाग्नीबाईंनी मागाहून खिडकीशी बसून सिग्नेला सांगितलं, तेव्हा मला कळलं. आस्ताबाई मागच्या दाराच्या ओल्या पायरीवरून घसरून पडल्या होत्या. कमरेचं हाड मोडलं होतं. एप्रिलच्या थंडीत त्या तासभर गारठत पडल्या होत्या आणि हाका मारून मारून त्यांचा आवाज बसला होता. गल्लीत सगळ्यांनी आपापला झेंडा चढवला आणि सगळे घरात गेले. त्यांच्या झेंड्यावर नजर होती ती फक्त आमच्या जळकुट्या दाग्नीबाईंची.

"हलू नकोस," दाग्नीबाई म्हणाल्या. "माझ्या हाताला धर. बाहेर कशाला आली होतीस पण?"

"तुझा झेंडा चढवायला."

"माझा कसला? तो देशाचा असतो."

"देशाचा सकाळचा, अर्ध्यावरचा. दुपारी बाराचा मी तुझ्यासाठी चढवते. कायमच." आस्ताबाईंचे दात वाजत होते. "किती जळते मी तुझ्यावर, ठाऊक आहे? देशाचं दुःख बारापर्यंतच; मग झेंडे वर गेले की गल्ली म्हणते, आता दाग्नीचा वाढदिवस. माझ्या वाढदिवसाला सगळा देश झेंडे लावतो. त्यातला एक तरी माझ्यासाठी असतो का गं?"

दाग्नीबाई त्यांचे गार हात चोळत राहिल्या. सिग्ने पांघरूण घेऊन धावत आली, आणि ते अंगावर घालताना दाग्नीबाई रडत होत्या.

पुढच्या महिन्यात पाच मे आला. आस्ताबाई रुग्णालयातून घरी आल्या होत्या, पण त्यांना उठवत नव्हतं. सकाळी दाग्नीबाई त्यांच्या अंगणात गेल्या आणि त्यांनी फायबरवाल्यावर झेंडा चढवला. फायबरवाल्यावर, बरं का! मग परत येऊन माझ्याकडे ढुंकूनही न बघता घरात गेल्या. सगळ्या गल्लीत झेंडे फडफडत होते आणि मी एकटा उघडाबोडका. शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पोस्टमन थांबून म्हणाला, "दाग्नीबाई, देश सुटून आज सत्तर वर्षं झाली! झेंडा विसरलात की काय?"

"नाही विसरले. देशासाठी बाकीचे आहेत की सगळे."

दुपारी बारा वाजता दाग्नीबाई ठेवणीतला कोट घालून बाहेर आल्या. त्यांनी झेंडा बांधला आणि सावकाश, न थांबता वर चढवला. एवढ्या उशिरा कोण झेंडा चढवतंय म्हणून अख्खी गल्ली दारात आली. आस्ताबाईंची खाट खिडकीशी होती.

"आस्ता!" दाग्नीबाई ओरडल्या. "हा तुझा गं! देशाबिशाचा नाही!"

आस्ताबाई काचेला हात लावून रडत होत्या. इतके झेंडे होते, पण त्यांची नजर माझ्यावरून हलत नव्हती. फायबरवाल्याला काय वाटलं असेल ते असो. मला फार बरं वाटलं.

मित्रांनो, तुमच्या अंगणात माझ्यासारखा जुना खांब असेल तर त्याचं शेवाळ खरवडा आणि त्याला रंगाचा एक हात द्या. पण त्याआधी शेजारच्या अंगणात डोकावून या. मायेनं डोकावणं जमत नसेल तर हेव्यानं डोकावा, पण रोज डोकावा.